पान तीनशे अकरा

परवा सकाळी चहा पिता पिता आमचे डॉक्टर मला म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

मी कप खाली ठेवला आणि आधी त्यांचा रक्तदाब मोजला. एकशे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी. मग डोळ्यांत टॉर्च मारला, हसून दाखवायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला लावले. सगळं जागच्या जागी होतं. मग मात्र मी चिडले.

आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. चहात आलं आधी घालायचं की नंतर, इथपासून विश्वाला शेवट आहे की नाही इथपर्यंत एकाही बाबतीत आमचं एकमत झालेलं नाही. मी मृदुला कोरी. शाळेत तेहतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. माझं नाव ठेवताना आईवडिलांचा अंदाज साफ चुकला, असं माझा कुठलाही विद्यार्थी सांगेल. डॉक्टर म्हणजे मल्लिकार्जुन कोरी, गुरांचे डॉक्टर, आता निवृत्त. सारं गडहिंग्लज त्यांना डॉक्टर म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

"कशाबद्दल बरोबर आहे?" मी विचारलं.

"अंबिकेबद्दल. चुकलंच तिचं. वळायला पाहिजे होतं तिनं."

एवढं बोलून ते उठले, कप विसळला आणि परसात निघून गेले. कप विसळला! मी तिथंच बसून राहिले. बेचाळीस वर्षांचं भांडण मी जिंकले होते आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

अंबिका ही आमची कुणी नातेवाईक नव्हे. 'ध्रुवापल्याडचे आरमार' नावाची एक कादंबरी आहे, यंदा तिला पन्नास वर्षं झाली. राहती पृथ्वी सोडून सात अवकाशनौकांचं आरमार निघतं, दुसऱ्या ताऱ्याकडे. त्या आरमाराची सरखेल म्हणजे अंबिका. वाटेत सातव्या नौकेचं इंजिन बंद पडतं. तीत तीनशे बारा माणसं. वळून त्यांना घ्यायचं, की उरलेल्या सहा नौका घेऊन पुढे जायचं? पान तीनशे अकरावर अंबिका पुढे जाते. लेखक तिची बाजू घेत नाही, तिला शिक्षाही करत नाही, पुढचं प्रकरण सरळ सुरू करतो. पन्नास वर्षं लोक त्या पानावर भांडत आले.

आमच्या वाचनालयात ते भांडण पेन्सिलीनं चालायचं. प्रत्येक पुस्तकावर 'पुस्तकात लिहू नये' असा जांभळा शिक्का असे आणि प्रत्येक पुस्तकात लोक लिहीत. 'आरमारा'च्या पहिल्याच पानावर कुणीतरी भल्या माणसानं लिहिलं होतं, 'सरखेल मरत नाही, घाबरू नये.' नव्वदाव्या पानावर, 'येथून चौदा पाने वगळावीत, नुसती वर्णने.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'वगळू नयेत, हीच चौदा पाने चांगली आहेत.' पुढे, 'लेखकाला विज्ञान येत नाही.' लगेच उत्तर, 'आपणांस मराठी येत नाही.' पुस्तक निम्मं लेखकाचं आणि निम्मं गावाचं होतं.

मी एकवीस वर्षांची असताना तीनशे अकराव्या पानाच्या समासात लिहिलं, 'साफ चूक! माणसे सोडणारी सरखेल कसली?' महिन्याभरानं पुस्तक पुन्हा आणलं, तर खाली बारीक अक्षरात उत्तर, 'हिशेब करा.' मी लिहिलं, 'माणसे म्हणजे हिशेब नव्हे.' त्यावर त्या माणसानं अख्खा समास भरून इंधनाचा हिशेब मांडला होता. असं दीड वर्ष चाललं. तेव्हाच्या ग्रंथपालांनी शेवटी वैतागून आम्हा दोघांना एका शनिवारी समोरासमोर बसवलं आणि म्हणाले, "आता तोंडानं भांडा, पुस्तक फाटायला लागलंय." त्यानंतरची आमची, म्हणजे माझी आणि डॉक्टरांची, सगळी भांडणं तोंडानं झाली. दोन्ही घरांतली आमच्यावरून झालेली वेगळीच.

आता 'समरस'बद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयानं कागदी पुस्तकं काढून टाकली आणि सभासदांना वाचनपाट्या दिल्या. पाटीच्या वरच्या कडेला एक बारीक कॅमेरा असतो. तुमची नजर कुठल्या ओळीवर थांबते, कुठली ओळ गाळते, डोळ्याची बाहुली कुठे मोठी होते, हे तो टिपतो. पाटी धरताना अंगठा जिथे टेकतो तिथे नाडी आणि घाम मोजला जातो. एवढ्यावरून तुम्ही कंटाळलात, घाबरलात की रडवेले झालात हे यंत्राला कळतं. यात काही जादू नाही. वर्गात चाळीस पोरांचे चेहरे बघून मला तेच कळायचं. फरक एवढाच की पोरं कंटाळली म्हणून मी न्यूटनचा नियम बदलत नव्हते. समरस बदलतं. तुम्ही एक पान वाचत असता तेव्हा ते पुढची चार पानं तुमच्या कलानं नव्यानं लिहून ठेवतं. आधी नुसती वर्णनं कमी करायचं. मग लेखकांच्या वारसांनी परवानग्या दिल्या आणि ते घटनाही बदलायला लागलं. कुणाला फसवलं असंही नाही. मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'ही आवृत्ती आपल्यासाठी अनुरूप केली आहे.' ते कोण वाचतंय?

मी मात्र निर्धास्त होते. माझ्या 'आरमारा'ला यंत्रानं हात लावलेला नाही, अशी माझी खात्री होती. लावला असता तर मला ते आवडलं नसतं का? मला तर दर पानाला संताप येत होता.

आणखी एक गोष्ट सांगते आणि मग पुढे जाते. पंधरा वर्षांपूर्वी, पुराच्या वर्षी, नदीपलीकडच्या वाडीत डॉक्टर जनावरं सोडवायला गेले होते. जनावरं राहिली बाजूला, माणसंच अडकली. रबरी बोटीत चौदा जण झाले, पेट्रोल संपत आलेलं. वरच्या अंगाला एका घराच्या पत्र्यावर चौघे उभे होते, हात हलवत. डॉक्टरांनी नावाड्याला सांगितलं, आधी ह्यांना पोचवू, पेट्रोल घेऊन परत येऊ. ते परत गेले तेव्हा तिथे पत्रा नव्हता.

ते घरी आल्यावर आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी मी ताट वाढताना म्हणाले, "अंबिकेचं बरोबर होतं. मी इतकी वर्षं उगाच भांडत होते." डॉक्टरांनी ताट सरकवलं. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्यावर खरोखर ओरडले. "माझी दया आली म्हणून मत बदलायचं नाही! तू चूकच म्हण. तू चूक म्हणतेस तोवर मला माझा हिशेब मांडता येतो. तू हो म्हणालीस की संपलं."

त्या दिवसापासून मी पंधरा वर्षं चूक म्हणत आले, कधी मनापासून, कधी दात-ओठ खाऊन. आणि परवा तेच मला म्हणाले, तुझं बरोबर आहे.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी वाचनालयात 'आरमारा'चा सुवर्णमहोत्सव होता. स्मरणिकेसाठी वाचकांची मतं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. बासष्ट मतं आली. एकूण एक गोड. 'अप्रतिम.' 'माझ्या मनातलंच लिहिलं आहे.' 'एकही ओळ खटकली नाही.' मी बासष्ट कागद दोनदा चाळले. वगळू नये असं सांगणारा नाही, वगळा म्हणणाराही नाही.

"सरासरी चार पूर्णांक नऊ, काकू!" आमचे सचिव प्रसन्न आजगेकर आनंदानं म्हणाले. पस्तिशीचा मुलगा, माझाच विद्यार्थी. नाव मात्र त्याला अगदी शोभतं. "पूर्वी किती भांडणं व्हायची इथं. आता कुणाची तक्रारच नाही."

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही.

सभागृहात तीसेक माणसं होती. पहिल्यांदा हार्डवेअरवाले कुंभार उठले. "आपल्याला काय आवडलं सांगू? सरखेल त्या बंडखोराला धोबीपछाड मारती बघा, तिथं अंगावर काटा येतोय. काय कुस्ती लिहिलीया!"

मी मान वर केली. कुठली कुस्ती? 'आरमारा'त बंडखोर नाही, कुस्ती नाही, अवकाशात माती कुठून येणार?

मग नाईकवहिनी उठल्या. त्यांना शेवटचं लग्न फार आवडलं होतं. अंबिकेनं नेसलेल्या शालूचं वर्णन तर त्यांनी पाठच केलं होतं. मी कुंभारांकडे बघितलं, आता तरी हा माणूस म्हणेल, लग्न कसलं? पण कुंभार मान डोलवत म्हणाले, "तुमच्यात तसं असंल वहिनी. आमच्यात कुस्ती हाय."

तुमच्यात, आमच्यात! लग्नघरात बायका बोलतात तसं. आमच्यात हळद आदल्या दिवशी, तुमच्यात त्याच दिवशी. पुस्तकाचा कुळाचार करून टाकला होता या लोकांनी. एकामागून एक उठत होते, प्रत्येकजण निराळीच गोष्ट सांगत होता, आणि बाकीचे कौतुकानं ऐकत होते. मला खुर्चीत बसवेना.

मग डॉक्टर उठले. ते सभेत कधी बोलत नाहीत.

"आमच्यात ती वळते," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "इंधन कमी असतं, पण ती वळते. सातवी नौका घेऊन येते. तीनशे बाराच्या तीनशे बारा वाचतात. वळता येत होतं." आणि खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परवाच्या त्या 'तुझं बरोबर आहे'चा अर्थ मला आत्ता कळला होता. अंबिकेला वळता येत असेल, तर त्या दिवशी डॉक्टरांनाही वळता येत होतं. हा माणूस दर वेळी ते पान वाचत होता आणि स्वतःला फासावर चढवत होता.

मी ताडकन उठले. "खोटं आहे हे! ती वळत नाही! उलट भाषण ठोकते निर्लज्जपणे. 'मागे पाहणाऱ्यांना पुढचा किनारा दिसत नाही,' असं म्हणून हसते आणि पाठ फिरवते. पान तीनशे अकरा! माझ्या पाटीत मूळ पुस्तक आहे, हे बघा!"

प्रसन्न लगबगीनं माझ्याकडे आला. "काकू, जरा बघू?" त्यानं माझी पाटी घेतली, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि एक तक्ता उघडून माझ्यापुढे धरला. मी चष्मा सारखा करून वाचलं. 'वाचकप्रकार: संतापाच्या भरात वाचन चालू ठेवणाऱ्या. केलेला बदल: नायिकेचा उद्धटपणा चौपट. परिणाम: वाचनवेळेत वाढ.'

मागून कुंभारांनी मान पुढे काढून तो तक्ता मोठ्यानं वाचला. सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते, पण मला त्या क्षणी सगळ्यांना बाकावर उभं करावंसं वाटलं.

"आणि ह्यांचं?" मी हळू आवाजात प्रसन्नला विचारलं. "ह्यांचं का बदललं?"

"डॉक्टरांची नाडी त्या पानावर फार वाढायची, काकू. दोनतीनदा तर त्यांनी पाटी बंदच केली. सिस्टीमनं त्यांची काळजी घेतली." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर माया होती, म्हणून मी नुसती पाटी परत घेतली.

घरी येताना मी डॉक्टरांना समजावून बघितलं. "अहो, ते पाटीनं लिहिलंय. मूळ पुस्तकात ती वळत नाही. तुम्हीच तर इतकी वर्षं तिच्या बाजूनं भांडत होतात."

"असेल." ते चालत राहिले. "पण मला आठवतंय ती वळताना. ती सातवी नौका आत घेतात, दार उघडतं, एक लहान मूल पहिल्यांदा बाहेर येतं. इतकं स्पष्ट आठवतंय, ते खोटं कसं असेल?"

मलाही तर ते निर्लज्ज भाषण तितकंच स्पष्ट आठवत होतं. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. ती काढली की थोडी सैल होते आणि परत ठेवताना नव्यानं घट्ट होते. त्या मधल्या वेळात समोर जे काही असेल ते तिच्यात मिसळतं. मेंदूवर काम करणाऱ्यांना हे केव्हापासून माहीत आहे. आम्ही दोघं तीन वर्षं ते पान पुन्हा पुन्हा काढत होतो आणि दर वेळी समोर पाटी होती. आता आमच्या दोघांच्या डोक्यांत मिळून खरं पान तीनशे अकरा कुठेच शिल्लक नव्हतं.

"उद्या मी कागदी प्रत आणते," मी म्हणाले.

"कशाला उगं डोकं पिकवतेस? तुझंच बरोबर ठरलंय. आनंद मान की."

रात्रीचं ते जेवले नाहीत. ताक सुद्धा नको म्हणाले.

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधी मी दारात उभी होते. गंगव्वा किल्ल्या घेऊन आली. ती तिथं चाळीस वर्षं आहे. पूर्वी पुस्तकं मांडायची, आता पाट्या चार्जिंगला लावते.

"कागदी 'आरमार' पाहिजे मला."

"सगळी गेली की बाई रद्दीत. आमच्या डोळ्यांदेखत टेम्पो भरून नेली."

"एखादी प्रत तरी राहिली असेल. बघ ना जरा."

गंगव्वानं एक मोठा श्वास सोडला, मागच्या खोलीत गेली आणि गहाळ पुस्तकांचं रजिस्टर घेऊन आली. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडाच्या पाठीचं. अंगठ्याला थुंकी लावून तिनं पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"ते रद्दीत न्हाई गेलं. ते त्याच्या आधीच गेलंय. आणि हे बघा, कुणाच्या घरात गेलंय."

ध्रुवापल्याडचे आरमार. हरवले. सभासद: डॉ. म. शि. कोरी. खाली सही. तारीख पुरानंतरच्या पंचविसाव्या दिवसाची.

"पंधरा वरसं तुमच्या घरात हाय आणि तुम्ही हितं विचारालाय," गंगव्वा म्हणाली. "काय म्हणायचं तुम्हा दोघांना!"

मी जवळजवळ धावतच घरी आले. डॉक्टर बाजारात गेले होते. या माणसाला काही लपवायचं असेल तर जागा एकच, जनावरांच्या औषधांची पत्र्याची पेटी. तिला मी हात लावत नाही, वास येतो म्हणून. पेटी उघडली. सुया, दोर, जंताच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आणि तळाशी दवाखान्याच्या जुन्या कागदात गुंडाळलेलं पुस्तक. मला असा संताप आला की काय सांगू. वाचनालयाचं पुस्तक चोरलं, खोटी सही केली, आणि पंधरा वर्षं मी ह्या घरात झाडलोट करतेय!

स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मी तीनशे अकरावं पान काढलं.

'अंबिकेने इंधनाचा काटा पाहिला. मग तिने सातव्या नौकेकडे पाहिले आणि ती पाहतच राहिली. "पुढे," ती म्हणाली. तो शब्द तिला दोनदा म्हणावा लागला.'

एवढंच होतं. भाषण नाही, हसणं नाही, पाठ फिरवणं नाही. ती वळतही नव्हती. तीन वर्षं मी ज्या बाईचा राग राग केला ती या पुस्तकात नव्हतीच.

समासात माझं एकविशीतलं अक्षर होतं, आणि त्याखाली त्यांचा हिशेब. अवकाशात ब्रेक नसतो. जितकं इंधन वेग घ्यायला लागतं तितकंच तो मोडायला. वळायचं तर आधी थांबायचं, मग मागे जायचं, मग पुन्हा थांबायचं, पुन्हा पुढचा वेग घ्यायचा. त्यांनी ते नीट पायरीपायरीनं मांडलं होतं. आणि पानाच्या अगदी तळाशी, पुष्कळ नंतरच्या, पण त्याच बारीक अक्षरात आणखी काही ओळी होत्या. त्या मी आधी कधीच पाहिल्या नव्हत्या.

'पात्र ४०० मीटर. बोटीत १४. पेट्रोल अंदाजे सव्वा लिटर. पत्रा वरच्या अंगाला १५० मीटर. चौघे होते, एक लहान. हिशेब कुणीतरी तपासावा.'

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग त्या माणसाला मोठ्यानं शिव्या दिल्या. घरात भौतिकशास्त्राची मास्तरीण असताना ह्यांनी हे कुणाला लिहिलं होतं? वाचनालयाच्या सभासदांना? आणि लिहून पेटीत का लपवलं? त्यांना मला विचारता येत नव्हतं, कारण मी त्या नवव्या दिवशी ताट वाढताना त्यांना दया दाखवली होती. तेव्हापासून माझ्या 'बरोबर'वर त्यांचा विश्वास उरला नव्हता. हे मला कळलं तेव्हा शिव्या थांबल्या.

मी जुनी वही आणि पेन्सिल घेतली. मला भीती वाटत होती, ते लपवत नाही. उत्तर काय येईल मला माहीत नव्हतं. वळता येत होतं असं निघालं असतं तर? मला खोटं बोलता आलं नसतं. बोलले असते तर त्यांनी ओळखलं असतं. हिशेब कोऱ्या मनानं करावा लागणार होता.

माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्यांच्या विरुद्ध बाजूनं सुरुवात केली. प्रवाह त्या दिवशी होता त्याहून हळू धरला. इंजिन नवं असल्यासारखं धरलं. माणसांची वजनं कमी धरली, पत्र्यापाशी बोट धरून ठेवायला जो वेळ लागला असता तो निम्मा धरला. जिथे म्हणून सूट देता येईल तिथे वळण्याच्या बाजूनं दिली. एकदा केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा वेगळ्या रीतीनं केलं. तिन्ही वेळा पेट्रोल किनाऱ्याच्या साठ मीटर अलीकडे संपत होतं. साठ मीटरवर, इंजिन बंद, बोटीत अठरा माणसं, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला बंधारा.

मी पुस्तक पुढे ओढलं आणि तळाच्या ओळीखाली लिहिलं, 'हिशेब तपासला. तीनदा. साठ मीटर कमी पडतात. चौघे वाचले नसते, चौदाही गेले असते. उत्तर बरोबर आहे. मृ. को.'

डॉक्टर पिशवी घेऊन आले. उघडी पेटी त्यांनी पाहिली, मग माझ्या हातातलं पुस्तक. वांग्यांची पिशवी तशीच हातात धरून ते उभे राहिले.

"चोर," मी म्हणाले. "वाचा."

त्यांनी आधी छापलेल्या ओळी वाचल्या. 'तो शब्द तिला दोनदा म्हणावा लागला' इथे त्यांचं बोट थांबलं. नावाडी वळवायला बघत होता, पुढे चल म्हणून त्याला दोनदा सांगावं लागलं होतं, हे मी एकदाच, पुराच्या आठवड्यात, ते झोपेत बडबडताना ऐकलं होतं. बोट खाली सरकलं. माझ्या ओळीवर आलं.

"प्रवाह किती धरलास?"

"तुम्ही म्हणाला असता त्याहून कमी."

"इंजिन?"

"नवं."

"पत्र्यापाशी वेळ?"

"निम्मा. अहो, तुमच्या बाजूनं मी काही एक धरलेलं नाही. मी आयुष्यात कधी धरलंय का?"

ते स्टुलावर बसले. माझी वही ओढून घेतली आणि तिन्ही हिशेब एकेक ओळ तपासले. ओठ हलत होते. शेवटच्या आकड्यापाशी त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि रडले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला गप्प राहायला जमतं, लोकांना वाटतं तसं नाही.

डोळे पुसून चष्मा लावत ते म्हणाले, "म्हणजे अंबिकेचं पण बरोबर होतं."

"साफ चूक होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "अगं, आत्ता तूच हिशेब केलास ना!"

"हिशेब बरोबर आहे. पण तीनशे बारा माणसं मागे ठेवून बरोबर कसं वाटतं हो एखाद्याला? तिला नाही वाटलं, म्हणून तर दोनदा म्हणावं लागलं. तुम्हाला वाटलं का?"

"नाही," ते म्हणाले. "पण मास्तरीणबाई, वाटणं निराळं आणि असणं निराळं. तुझ्या डोक्यात हे बेचाळीस वर्षांत शिरलं नाही!" आवाज चढला होता. परसातली मांजर उठून गेली. किती दिवसांनी तो आवाज घरात ऐकू येत होता. आनंद झाला असं मी तोंडावर दाखवणार नव्हते.

मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळीखाली त्या बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासायला पंधरा वर्षे लागली.'

मी पेन्सिल हिसकावून घेतली. 'पुस्तक लपवून ठेवल्यावर दुसरे काय होणार!'

ते लिहायला पुन्हा वाकले, पण त्या पानावर आता बोटभरही जागा नव्हती. म्हणून आम्ही पान उलटलं.